शिडीबाबत सुधारणा क्रमांक दहा

ज्या वर्षी बापूंच्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. जुळं झालं म्हणून घरात दोन पाळणे आले, आणि दोन पाळणे आले म्हणून बापूंची लिहायची खुर्ची गॅलरीत गेली. खुर्ची गेल्याचं बापूंना दुःख नव्हतं. माणूस बासष्टाव्या वर्षी अक्षरं गिरवायला बसतो, अडुसष्टाव्या वर्षी त्याच्या आयुष्यातलं पहिलं पत्र पुरं होत येतं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी त्याच्या मांडीवर ओलं बाळ आणून ठेवतं, याचं दुःख होतं.

पत्र थोरल्या भावाला, म्हणजे दादांना लिहायचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी दोघा भावांचं एका शिडीवरून बिनसलं. शिडी दादांची, वापरणारे बापू; कारण बापू घरं रंगवायचे आणि दादा कचेरीत कारकून होते, आणि कारकुनावर शिडी चढायची वेळ सहसा येत नाही. दादा म्हणाले, "माझी शिडी आण." बापू म्हणाले, "कधीच परत केली." दादा म्हणाले, "खोटं." मग बापूंनी चार माणसांत दादांनाच खोटारडा म्हटलं. त्यावर दादा ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "जे काय म्हणायचंय ते लेखी दे. तुझ्या हातचं. तोवर या घराची पायरी चढू नकोस."

बापूंना तेव्हा सहीसुद्धा येत नव्हती. अंगठा होता. दादांना हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच ते बोलले होते. माणसाला घराबाहेर काढायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, पण इतकी कारकुनी तऱ्हा दुसरी नसेल.

तेरा वर्षं बापू रागावर जगले. राग हे तसं पोट भरणारं खाणं आहे, पण वयाप्रमाणे पचत नाही. चौदाव्या वर्षी ते शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एक पत्र लिहिण्यापुरतं शिकवा. त्याच्या वर नको." बाईंनी त्यांना सहा वर्षं रेघेत बसवलं. रेघ सोडायची नाही हा बाईंचा दंडक. बापूंनी रेघ सोडली नाही.

आणि पत्र पुरं होत आलं तेव्हा पुतण्याच्या बायकोचा निरोप आला. दादांचे कान केव्हाच गेले होते, आता डोळेही चालले होते. घरातली माणसं भिंतीवरच्या फळ्यावर खडूने बोटभर अक्षरं काढून त्यांच्याशी बोलत. त्याहून बारीक त्यांना दिसत नव्हतं. छातीही थकली होती. डॉक्टर म्हणाले होते, महिना, फार तर दोन.

बापूंनी आपल्या पत्राकडे पाहिलं. सहा वर्षांची मेहनत, रेघेत नीट बसलेली, मुंगीएवढी.

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. मास्तरीणबाई म्हणाल्या, मोठ्या अक्षरात लिहा. बापूंनी बाजारातून सर्वांत मोठा कागद आणला. "तीर्थरूप दादांस" एवढ्यातच कागद संपला, आणि चाळीस वर्षं छताकडे ब्रश धरून थकलेला हात मोठ्या अक्षरात असा काही थरथरला, की तीर्थरूप भूकंपात सापडल्यासारखे दिसू लागले. खालच्या मजल्यावरचा घड्याळजी म्हणाला, "फोनवर फोटो काढून पाठवा की."

"त्याला फोनच्या काचेत नुसती काच दिसते," बापू म्हणाले.

"मग त्यांच्या सुनेला सांगा, फळ्यावर उतरवून दे."

"माझ्या हातचं हवंय. परक्या हातचं चालत नाही."

"मग सरळ जा, पाय धरा आणि सोडूच नका. पत्र कसलं घेऊन बसलात?"

"पत्राशिवाय पायरी चढायची नाही, असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"त्याने."

"म्हणजे ज्याच्याशी भांडलात त्याचंच ऐकता," घड्याळजी म्हणाला आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा कोणाच्या तरी घड्याळाच्या पोटात शिरला. बापूंना राग आला. घड्याळजीचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला.

वाट काढली ती मुलाने. मुलगा पाण्याच्या नळांचे आराखडे काढणाऱ्या कंपनीत होता. आराखडे एका कचेरीत तयार होत आणि संगणकावरून सतरा शाखांना जात. तिथे प्रत्येक ठिकाणी नकाशे छापायचं एक थोरलं यंत्र, चार फूट रुंद कागदाचं. त्या सतरांपैकी एक शाखा दादांच्या गावात, दादांच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचंच पत्र, तुमचंच अक्षर, फक्त बोटबोटभर मोठं होऊन तिथे छापून निघेल. शिपाई समोर नेऊन देईल. दहा मिनिटांचं काम आहे."

ज्या कामाला कोणी दहा मिनिटांचं म्हणतो, त्या कामाला माणसाने हात लावू नये. बापूंनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं. पण बाप झाला की शहाणपण मुलापुढे गहाण पडतं. शनिवारी दुपारी, कचेरीत माणसं कमी असताना, दोघे गेले.

यंत्र दाखवत मुलगा म्हणाला, "कागद असा पालथा ठेवायचा. चार नंबरचं बटण. चार नंबर म्हणजे काकांच्या गावची शाखा, तेवढीच. पत्र या पडद्यावर दिसेल आणि जाईल. एकदाच दाबायचं. समजलं?"

"न समजायला काय झालं?" बापू म्हणाले.

तेवढ्यात आतून साहेबांनी मुलाला हाक मारली आणि मुलगा गेला. बापूंनी कागद पालथा ठेवला. चार नंबरचं बटण शोधलं. बटणं बोटांनी घासून गुळगुळीत झाली होती, आकडे पुसले होते. मात्र एक हिरवं बटण होतं, रुपयाएवढं नव्हे, चांगलं बशीएवढं. ज्या यंत्राला इतकं मोठं बटण आहे त्याला बाकीची ठेवलीत तरी कशाला, असा विचार करून बापूंनी हिरवं दाबलं.

पत्र पडद्यावर आलं. बापूंनी वाचलं. सहा वर्षं ज्यासाठी घालवली ते तीन ओळींचं होतं:

"तीर्थरूप दादांस. शिडी मी परत केली नव्हती. ती माझ्या हातून मोडली आणि मी ती जाळली. लोकांपुढे तुला खोटारडा म्हटलं, खोटा मी होतो. बापू."

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही. मास्तरीणबाईंनाही शब्द सुटे सुटे विचारले होते, 'मोडली' एका महिन्यात आणि 'जाळली' दुसऱ्या. मुलालाही कागद घडी घालूनच दाखवला होता.

पडद्यावरचं पत्र दोन क्षण थांबलं आणि नाहीसं झालं. पडदा कोरा.

इथे बापूंच्या जागी कोणी कारकून असता तर म्हणाला असता, गेलं. मास्तर असता तर म्हणाला असता, मुलाला विचारू. पण बापू रंगारी होते, आणि कोऱ्या भिंतीचा स्वभाव रंगाऱ्याला माहीत असतो. पहिला हात भिंत पिऊन टाकते. तुम्ही लावता, बघता बघता तो आत जातो आणि भिंत तशीच कोरी. म्हणून काय रंग वाया गेला म्हणायचं? दुसरा हात द्यायचा. धरेपर्यंत द्यायचे.

बापूंनी दुसरा हात दिला. पण द्यायच्या आधी, कागद हातात होताच, खिशात पेन्सिल होती, म्हणून एक ओळ वाढवली. "पण तूही चारचौघांत बोललास." दाबलं. दिसलं, गेलं. तिसऱ्या वेळी त्यांना आठवलं की शिडीची एक पायरी मुळातच कुजलेली होती. तेही लिहिलं. चौथ्या वेळी आई मध्ये आली. आईने ती शिडी आपल्याला वापरायला सांगितली होती, हे दादा सोयीने विसरतात. पाचव्या वेळी 'खोटा मी होतो' खोडलं. सहाव्यात माफी अटीवर गेली. सातव्या पत्रात माफी उरलीच नाही. सातवं पत्र म्हणजे एकोणीस वर्षांची भडास, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, समासातसुद्धा, बाईंची रेघ पार सोडून. ते पडद्यावर दिसलं तेव्हा बापूंना स्वतःचीच लाज वाटली. ते गेलं तेव्हा हायसं वाटलं. त्यांनी खोडरबर काढलं, सगळं पुसलं आणि आठव्या वेळी पहिलं पत्र शब्दाला शब्द पुन्हा लिहून काढलं. तेही भिंत प्यायली. शेवटचा एक हात म्हणून नवव्यांदा कागद ठेवला, पण हात थकला होता. तो उलटा ठेवला गेला. पडद्यावर पांढरं दिसलं आणि पांढरंच राहिलं, तेव्हा बापूंना वाटलं, धरलं.

मुलगा पन्नास मिनिटांनी आला. "गेलं का?"

"आता धरलंय बहुतेक."

"धरलंय म्हणजे?"

"नऊ हात दिले."

मुलगा खुर्चीवर बसला. बसला म्हणजे, खुर्ची होती म्हणून बसला म्हणायचं. हिरवं बटण म्हणजे एक फोल्डर होतं, त्याचं नाव 'सर्व शाखा'. त्याने बापाला ते समजावून सांगितलं, अगदी सावकाश, जसं दुःखात माणूस सावकाश बोलतो. "बाबा, हे फोल्डर म्हणजे टाकी नाही. टाकीत टाकलेलं राहतं. हा नळ आहे. यात फाईल पडली की संगणकातला प्रोग्राम ती आपणहून सतरा ठिकाणी पुढे पाठवतो, आणि पाठवून झाली की इथून पुसतो. पुसली म्हणजे पोचली."

"मग पुसली नसती तर?"

"तर पोचली नसती."

बापूंनी यावर बराच विचार केला. "उलटंच आहे," ते शेवटी म्हणाले.

"आता परत नाही का मागवता येत?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नळातनं गेलेलं पाणी परत येतं का?"

हे वाक्य मुलाने नळाच्या कंपनीत दहा वर्षं काढून कमावलं होतं, आणि ते बापावर वापरायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फोन सुरू झाले. पहिला एका दूरच्या शाखेतल्या आराखडे काढणाऱ्या बाईंचा, मुलाच्या टेबलावर. "ते बापू तुमचे कोण? वडील? त्यांना सांगा, सातवं वाचून आमच्या सगळ्यांचं मन मोडलं. आठव्याने जरा बरं वाटलं. नववं मात्र कळलं नाही. आमच्याकडे दोन तट पडलेत." दुसऱ्या शाखेने विचारलं, कुजलेली पायरी वरून कितवी. तिसऱ्या शाखेतले एक वयस्क गृहस्थ नुसतंच म्हणाले, "माझाही भाऊ आहे," आणि फोन ठेवला.

एवढ्यावर भागलं असतं. पण मुख्य कार्यालयातही तसाच एक प्रोग्राम बसवलेला होता. शाखेकडून जे येईल ते तो पुढे सगळ्या ठेकेदारांना आणि तपासणी खात्याला पाठवी, न वाचता. न वाचता पुढे पाठवण्यासाठी पूर्वी माणसं ठेवावी लागत. त्यामुळे नऊच्या नऊ पत्रं खोदकामाच्या जागांवर चार चार फुटांची होऊन पोचली. एका ठेकेदाराने खड्ड्यातली माणसं वर काढली. त्याचं म्हणणं साधं होतं: आराखड्यात शिडी आहे, ती मोडली असंही लिहिलंय, नवी शिडी कोण देणार ते ठरेपर्यंत माणूस खाली उतरणार नाही.

बातमी घरी यायला मंगळवार उजाडला. ती घड्याळजीने आणली, कारण त्याचा मेहुणा त्या खड्ड्यात होता. बापूंची बायको दोन्ही हातांत दोन बाळं घेऊन उभी होती, त्यामुळे तिला हात उगारता आला नाही, पण आवाज होता.

"शिडी तुम्ही मोडलीत?"

बापू गॅलरीतून बाहेर बघत राहिले.

"एकोणीस वर्षं मी जाऊबाईंशी बोलले नाही. त्या गेल्या तेव्हासुद्धा मी दारातनं परत आले. का, तर माझा नवरा खरा. आणि हे मला कोण सांगतंय? घड्याळजी."

"मी लिहून ठेवलं होतं," बापू म्हणाले.

"मला वाचता येतं का?"

हे मात्र बापूंच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या जगाला कबुली मिळाली होती. सतरा शाखा, अकरा ठेकेदार, एक तपासणी खातं, एक घड्याळजी आणि त्याचा मेहुणा. ज्याला द्यायची तो सोडून.

कारण दादांच्या गावच्या शाखेतला प्रमुख हा फार नियमाचा माणूस होता. मुलाने त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काळजी करू नका, कालच समोर पोच केलं. सहीसुद्धा घेतली."

"कुठलं दिलंत?"

"शेवटचं. एकाच आराखड्याच्या नऊ आवृत्त्या आल्या, तर शेवटची सुधारणा तेवढी वैध. सुधारणा क्रमांक नऊ. आधीच्या आठ फाडून टाकल्या, तसा दाखला मुख्य कार्यालयाला पाठवलाय."

"पण नववी कोरी होती."

"ते मी कसं ठरवणार? माझं काम देण्याचं."

असं झालं, की एकोणीस वर्षांनी धाकट्या भावाकडून थोरल्याला चार फूट बाय तीन फुटांचा एक कोरा कागद मिळाला, सोबत आधीचं सर्व रद्द समजावे अशी छापील चिठ्ठी.

गुरुवारी दादांचं उत्तर आलं. पुतण्याच्या बायकोने त्याच्यासोबत निरोप धाडला होता, की मामंजींनी दोन दिवस कागद खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून, पालथा करून बघितला. उत्तर दादांनी स्वतः, अंदाजाने, एकावर एक ओळी चढवत लिहिलं होतं. बापूंनी ते कोणाला वाचू दिलं नाही. गॅलरीत बसून, बोट ठेवून, स्वतः वाचलं. त्यांना आलेलं ते पहिलं पत्र.

"कागद मिळाला. आकार योग्य आहे. मजकूर आढळला नाही. एकोणीस वर्षांत तुला सांगण्यासारखं काही सापडलं नाही, असं समजावं का? लेखी कळवावे."

बापूंना इतका अपमान आणि इतका आनंद एकाच वेळी कधी झाला नव्हता. त्यांनी ते पत्र पाच वेळा वाचलं. पहिल्या वेळी अपमान जास्त होता. पाचव्या वेळी त्यांना फक्त 'कळवावे' हा शब्द दिसत होता.

"आज पाठव," ते मुलाला म्हणाले. "त्या चार नंबरने पाठव."

"चार नंबरही बंद केलाय बाबा. सगळंच बंद. साहेबांनी कुलूप घातलंय."

बापू स्वतः साहेबांकडे गेले. साहेब तसा वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर काम लवकर झालं असतं, भांडून घेता आलं असतं. त्याने बापूंना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि एक जाड पाकीट समोर ठेवलं.

"मुख्य कार्यालयाचं म्हणणं असं आहे, बापू. दफ्तरात एक आराखडा आहे, त्याच्या नऊ सुधारणा झाल्यात, शेवटची कोरी आहे. हे असं उघडं ठेवता येत नाही. वर एक ठेकेदार काम थांबवून बसलाय. तेव्हा सुधारणा क्रमांक दहा काढायची, ती अंतिम म्हणून मंजूर करायची आणि विषय बंद."

"मग काढा. पहिलंच पत्र आहे, तेच."

"काढू की. फक्त आराखड्याच्या खाली चौकटी लागतात. काढणारा, तपासणारा, मोजमाप पाहणारा, मंजूर करणारा."

"ते पत्र आहे हो."

"मला माहीत आहे ते पत्र आहे," साहेब म्हणाला. "मी आठही वाचलीत. पण प्रोग्रामला माहीत नाही."

चौकट क्रमांक एक, काढणारा: बापूंनी सही केली. सही चांगली आली. चौकट क्रमांक दोनसाठी मास्तरीणबाईंना आणलं. बाईंनी पत्र पहिल्यांदाच सलग वाचलं, बापूंकडे बघितलं नाही, 'तपासलं' म्हणून सही केली आणि घरी जाताना जिन्यात थांबून डोळे पुसले. ते बापूंनी वरून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग कागद मुख्य कार्यालयाला गेला आणि पाच दिवसांनी परत आला. शेरा: मोजमाप नाही.

"कशाचं मोजमाप?"

"शिडीचं," मुलगा मान खाली घालून म्हणाला. "आराखड्यात वस्तू आली की तिची लांबी लागते."

दादांचे दिवस असे एकेका शेऱ्यात चालले होते. पुतण्याच्या बायकोचा रोज निरोप येई. आज उठून बसले. आज बसले नाहीत. आज फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, टपाल आलं का. बापू त्या निरोपांना काय उत्तर देणार? मोजमाप चालू आहे, असं?

त्यांनी पत्रात एक शब्द घातला. "शिडी मी परत केली नव्हती" होतं, तिथे "नऊ फुटी शिडी मी परत केली नव्हती" झालं. वीस वर्षं त्या शिडीवर उभं राहून त्यांनी गावातली निम्मी छतं रंगवली होती. नऊ फूट त्यांच्या पोटऱ्यांना पाठ होते. कागद परत गेला. या वेळी चार दिवस. आला तेव्हा तीन चौकटी भरलेल्या होत्या, चौथी रिकामी.

"मंजूर करणारा कोण?" बापूंनी विचारलं. आता त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं.

"ज्याच्यासाठी आराखडा काढला तो," साहेब म्हणाला. "म्हणजे तुमचे दादा. त्यांची सही आणा, इथे द्या, मी दफ्तर बंद करतो." मग तो कुलूप उघडून स्वतः यंत्रापाशी गेला. "कुठे पाठवू? चार नंबर?"

"कुठेही पाठवू नका," बापू म्हणाले. "इथेच छापा. माझ्या हातात द्या."

शुक्रवारी सकाळी ते निघाले. चार फुटांची गुंडाळी काखेत. बसमध्ये ती आडवी मावेना, मांडीवर उभी केली तर छताला लागे. वाहकाने विचारलं, "आत काय आहे?" बापू म्हणाले, "पत्र." वाहकाने एकदा गुंडाळीकडे, एकदा बापूंकडे बघितलं आणि पुढे गेला. सहा तास त्यांनी ती दोन गुडघ्यांत धरली. एका वळणावर शेजारच्या बाईच्या डोक्याला लागली. ती म्हणाली, "आजोबा, एवढं काय लिहिलंय त्यात?" बापूंनी माफी मागितली. त्यांना ती आता पटकन मागता येत होती.

दादांच्या घराची पायरी ते चढले. हातात लेखी होतं, त्यामुळे कोणी अडवायचा प्रश्न नव्हता, आणि अडवायला तिथे कोणी नव्हतंच. पुतण्याच्या बायकोने दार उघडलं, गुंडाळीकडे बघितलं आणि कपाटावर ती टाचण्यांनी लावून दिली. दादा उशांना टेकून बसले होते. अर्धे झाले होते. बापू कपाटाच्या बाजूला, ड्रॉइंगच्या मास्तरांपुढे उभं राहतात तसे उभे राहिले.

दादांनी वाचायला घेतलं. पलंग पुढे ओढायला लावला. एकेक अक्षर बोटाने हवेत धरून, ओठ हलवत. तीन ओळींना पाऊण तास लागला. मग त्यांनी खालच्या चौकटी वाचल्या, त्यांना आणखी अर्धा तास. चौकटी वाचताना त्यांचा चेहरा जरा खुलला. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतका नीट आलेला कागद त्यांनी फार वेळा पाहिला नसावा.

"अक्षर तुझं?" ते मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं.

बापूंनी मान हलवली.

"जाळलीस."

बापूंनी मान हलवली.

पुतण्याच्या बायकोने पाणी दिलं, त्यांनी ते बाजूला केलं. मग चौथ्या चौकटीकडे बोट केलं. "इथे माझी सही?"

बापूंनी खिशातून पेन काढून पुढे केलं. पेन घेताना दादांचा हात थांबला. ते पुन्हा वर गेले, पहिल्या ओळीवर.

"नऊ फुटी नव्हती. अकरा फुटी होती."

बापूंनी तोंड उघडलं. नऊ पायऱ्या, नऊ फूट. त्यांच्याइतकं ते जगात कोणाला माहीत नव्हतं. हा असाच बोलायचा, लहानपणापासून, मोजल्याशिवाय. एकोणीस वर्षांपूर्वी याच आवाजात बोलला होता. बापू फळ्यापाशी गेले, खडू घेतला. बोटभर मोठं लिहिलं: "बरं."

दादांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. "दुरुस्त कर," ते म्हणाले. "नीट अक्षरात. चुकीच्या मोजमापावर मी सही करणार नाही. आता उजेड गेलाय, सकाळी आण." आणि मग, फळ्यावरून नजर न काढता, "जेवून घे. तुझं अंथरूण माझ्या खोलीत घालायला सांगतो."

छापलेली शाई खोडरबराने पुसेना. बापूंनी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद पसरला, शेवईएवढ्या बारीक दोन रेघा आखून घेतल्या, वेगळ्या चिठ्ठीवर 'अकरा' लिहिलं. पाच चिठ्ठ्या बिघडल्या. सहावी बरी आली. ती 'नऊ'वर बरोबर बसवून चिकटवली, कडा बोटाने दाबल्या, भिंतीवरची पोपडी दाबतात तशा. शेजारी बारीक अक्षरात तारीख घातली आणि दुरुस्तीपुढे स्वतःची सही केली, कारण दादांनी ते विचारलंच असतं.

पहाटे ते कागद पुन्हा कपाटावर लावायला उठले. टाचण्या लावल्या. पेन उशाशी ठेवलं. दादांना उठवायला खांद्याला हात लावला.

कागद अजून बापूंकडे आहे. चौथी चौकट रिकामी आहे, आणि मुख्य कार्यालयाकडून दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र येतं, सुधारणा क्रमांक दहा मंजुरीअभावी प्रलंबित. बापू ते वाचतात आणि उत्तर देत नाहीत.

दादा त्या वर्षी मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वासहाच्या आधी कधीतरी गेले. वय शहात्तर.